पाठीला सांगितलेली गोष्ट

त्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. आईला लहानपणी मोठा ताप आला होता आणि जाताना तो दोन्ही कान घेऊन गेला, असं ती स्वतःच हसत सांगायची. तोवर ती बोलायला शिकली होती, त्यामुळे बोलणं शाबूत राहिलं. पण आपला आवाज केवढा निघतोय याचा तिला अंदाज येत नसे. ती कुजबुजायला जायची आणि रस्त्यावरचा घोडा बिचकायचा.

म्हणून घरचा नियम साधा होता. काही सांगायचं असेल तर समोर यायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि सांगायचं. आवाज काढायची गरज नव्हती. आई ओठ वाचायची, आणि घरात तीही आपला आवाज बाजूला ठेवून नुसत्या ओठांनीच बोलायची. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे त्या घरात सभ्यता म्हणून शिकवलं गेलं नाही. वाचता येत नाही म्हणून शिकवलं गेलं.

खाली इस्त्रीचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. वडील फार लवकर गेले होते. दुकान आईनेच उभं केलं आणि मुलांना त्या दुकानानेच वाढवलं. मोठी मुलगी म्हणजे ताई. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून सगळी गल्ली ताई म्हणायला लागली, तिच्याहून वयाने मोठे असलेले लोकसुद्धा. दुकानातले कान आणि तोंड हे ताईचं काम. गिऱ्हाईक काय म्हणालं ते आईच्या समोर जाऊन सांगायचं, आईचं उत्तर गिऱ्हाइकाला द्यायचं. गल्लीत म्हणत की या दुकानात भांडण करून मजा नाही. आणि ते खरंच होतं, कारण ताई दोन्हीकडचं बोलणं थोडं धुऊन, थोडी खळ घालूनच पुढे देत असे.

धाकटा मात्र काही धुऊन देणाऱ्यातला नव्हता. तो बोलायला लागला की भुवया, गाल, हनुवटी, सगळेच कामाला लागत. दिसायला इतका देखणा की धुणं पोचवायला गेला की त्या घरातली पोरगी दार उघडायला आपल्या आईच्या आधी धावायची. खोड्या करायचा, आणि आई चिडली की पाठ फिरवायची. तिने पाठ फिरवली की बोलणं संपलं. मग हा टेबलाला वळसा घालून समोर जायचा. ती पुन्हा वळायची, हा पुन्हा फिरायचा. असे फेरे चालायचे, ते दोघांपैकी एकाला हसू फुटेपर्यंत. बहुधा आईलाच आधी फुटायचं.

एकच गोष्ट हसण्यावारी जात नसे. आईच्या पाठीमागून बोलायचं नाही. गल्लीतली टारगट पोरं तिच्या मागे उभी राहून वाटेल ते बोलत आणि खिदळत. ती वळली की साळसूद चेहरे करत. घरच्यांनी तसं करायचं नाही, हे तिने फार पूर्वीच बजावून ठेवलं होतं.

एका उन्हाळ्यात गावात चित्रपट कंपनी आली. तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावर माणसं ओठ हलवत, मध्येच लिहिलेली पाटी येई आणि ती वाचून लोक समजून घेत. कंपनीचे राजेशाही कपडे इस्त्रीला आईच्या दुकानात आले. त्यातला एक जरीचा अंगरखा जळला. आई वरच्या खिडकीत उभी, धाकटा खाली रस्त्याच्या पलीकडे, आणि मधून गाड्यांची रहदारी. तो तिथूनच वर बघून, जीव तोडून, एक अक्षरही न उच्चारता आईला पटवत होता की अंगरखा आपल्या हातून जळला नाही, इस्त्रीतच काहीतरी बिघाड आहे. कंपनीचे दिग्दर्शक तेव्हा अंगरख्याचीच चौकशी करायला येत होते. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांना एक शब्द कळला नाही, पण पोरगा खरं बोलतोय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

अंगरखा धाकट्यानेच जाळला होता. आईला तेही दिसत होतं. पण दिग्दर्शकांना हवा तो माणूस मिळाला.

त्यांनी त्याला कंपनीत यायला सांगितलं. आता पंचाईत अशी, की आईने हल्लीच त्याला कफ आणि कॉलर यांची नाजूक इस्त्री शिकवायला घेतली होती आणि दुकान पुढे तो सांभाळणार हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. कंपनीचं गाठोडं बांधून होत आलं तरी याची सांगायची हिंमत होईना. निघायच्या सकाळी आई टेबलावर वाकून एका झग्याच्या चुण्या बसवत होती. तो तिच्या मागे उभा राहिला. खांद्याला पिशवी.

"आई, मी जातो. कंपनीत काम मिळालंय. रागावू नकोस," असं तो तिच्या पाठीला म्हणाला आणि पळाला.

ताई दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. आईने मान वर केली तेव्हा समोर फक्त ताई होती, आणि ताईला सांगावं लागलं. तिने सवयीने बोलणं धुवायला घेतलं. म्हणाली, सांगून गेलाय तो.

"कुणाला?" आईने विचारलं.

ताईला खोटं बोलता आलं नाही. आई तिच्या ओठांकडेच बघत होती. "तुझ्या पाठीला," ती म्हणाली.

आईने इस्त्री जाग्यावर ठेवली. मग म्हणाली, "बरं. आता आला की त्याला पाठच भेटेल."

आणि तसंच झालं. धाकटा पडद्यावर राजपुत्र झाला, मग दुसऱ्या राज्याचा राजपुत्र झाला, मग लोक त्याला राजपुत्र याच नावाने ओळखायला लागले. गावात न्हाव्याच्या दुकानात तरुण मुलं त्याच्यासारखा भांग पाडून मागू लागली, ज्यांना केस कमी त्यांनीसुद्धा. मुली कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याचे फोटो चिकटवत. कितीतरी जणी धुतलेले, घडी न मोडलेले कपडे पुन्हा इस्त्रीला आणत, केवळ ज्या टेबलावर त्याने लहानपणी अभ्यास केला त्यावर आपला रुमाल फिरावा म्हणून. त्याने त्या टेबलावर कधीच अभ्यास केला नव्हता, खाली लपून खेळला होता. पण ताई कुणाचा हिरमोड करत नसे.

एकदा तो घरी आला. डोक्यावर हॅट, दाराबाहेर ही गर्दी. आईने पाठ फिरवली. तो वळसा घालून गेला. ती पुन्हा वळली. खिडकीला नाकं लावून बसलेल्या लोकांना वाटलं, राजपुत्र नव्या चित्रपटाची तालीम करतोय. फेरे बरेच झाले, पण हसू कुणालाच फुटलं नाही. शेवटी तो ताईजवळ येऊन बसला. तिने विचारलं, काम कसं चाललंय. तो म्हणाला, "दिग्दर्शक म्हणतात, खिडकीतल्या आईशी बोलत होतास तसंच बोल. मला दुसरं काही येतंय कुठे?" आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

आई त्याचे चित्रपट बघायला जात नसे. ताईने विषय काढला की ती इस्त्री गालाजवळ धरून ताव बघायची. म्हणजे आता बोलणं नको.

पण एक दिवस थिएटरचे मालक स्वतः दुकानात आले. त्यांच्याबरोबर दोन माणसं, आणि त्यांच्या खांद्यावर गुंडाळलेला पडदा. लोकांच्या विड्यांच्या धुराने तो इतका पिवळा पडला होता की पडद्यावरच्या राजकन्या काविळीने आजारी दिसत. आईने पडदा धुतला, नीळ दिली, आणि आपल्या लांब टेबलावर हातभर हातभर पुढे सरकवत सगळाच्या सगळा इस्त्री केला. एवढं मोठं कापड तिने आयुष्यात हाताळलं नव्हतं. पडदा लागला त्या दिवशी तिने कपडे बदलले आणि ताईला सांगितलं, "चल. सुरकुती दिसते का ते बघायचंय."

मालकांनी मायलेकींना मानाने पहिल्या रांगेत बसवलं. दिवे गेले. आई सगळा पडदा वरपासून खालपर्यंत तपासत होती आणि सुरकुती नव्हती. मग त्या पडद्यावर भिंतीएवढा धाकटा आला.

राजपुत्र राजकन्येचा निरोप घेत होता. पाटी आली. पाट्या वाचून दाखवणारे गृहस्थ भरल्या गळ्याने वाचू लागले की हा विरह आता सोसवणार नाही, हा चंद्र आपल्या प्रेमाला साक्षी आहे. बायकांचे रुमाल निघाले. पियानो वाजवणाऱ्या मास्तरांनी हळवे सूर लावले. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "मग मोठ्या मापाचे घे की!"

सगळं थिएटर दचकलं. मास्तरांची बोटं चुकली. ताईने मात्र रुमाल तोंडात कोंबला, कारण ओठ तिलाही वाचता येत होते. चंद्राच्या साक्षीने, डोळ्यांत पाणी आणून, राजपुत्र म्हणत होता, "आई, हे राजेशाही बूट फार चावतात गं. टाचांना फोड आलेत."

त्या दिवसापासून आईचा थिएटरला जाण्याचा नेम झाला. विचारलं तर सुरकुत्या बघायला जाते म्हणायची. राजपुत्र घोड्यावरून शत्रूला आव्हान देई, आणि प्रत्यक्षात हा घोडा चावका आहे अशी तक्रार करत असे. अंधारकोठडीत साखळदंडांत जखडलेला असताना त्याने विचारलं, ताईचं लग्न ठरलं का. आईने तिथूनच उत्तर दिलं की ठरलं तर तुला कळवायला तू असतोस कुठे. ताई खुर्चीत घसरून निम्मी झाली. लोकांना काय चाललंय ते कळत नसे, पण म्हातारी राजपुत्राची आई आहे हे कळलं होतं, आणि तिच्या मागच्या खुर्च्या आधी भरू लागल्या. तो खरं काय म्हणाला, हे लोक विचारत. आई सांगत नसे. घरचं बोलणं आहे, एवढंच म्हणे.

राजपुत्राचे ते गाजलेले डोळे, ज्यांच्यासाठी अर्ध्या गावातल्या मुली उसासे टाकत, ते कुणाची मनधरणी करत होते हे फक्त ताईला आणि आईला माहीत होतं. तरीही घरी परतताना आईचा चेहरा पडलेला असे.

"म्हणाला का?" ती ताईला विचारायची. आपल्या नजरेतून निसटलं असेल, अशी तिला आशा असायची.

ताई मान हलवायची. जेवणखाण, हवा, घोडे, बूट, सगळ्याबद्दल धाकटा बोलला होता. त्या सकाळबद्दल एक शब्द नव्हता. आईला तेवढंच हवं होतं. समोर तोंड करून त्याने ते म्हणावं, मग ती मनातल्या सगळ्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवायला तयार होती हे ताई ओळखून होती.

आणि मग बोलपट आले. थिएटरचे मालक दुकानात येऊन सांगून गेले, की आता आवाजाचं यंत्र बसतंय, राजपुत्राचा येतोय तो शेवटचा मुका चित्रपट. यापुढे पडद्यावर जो तो लिहून दिलेलंच बोलणार. ताईने हे आईला जसंच्या तसं सांगितलं. त्यात धुण्यासारखं काही सापडलं नाही तिला.

शेवटच्या चित्रपटात राजपुत्र राज्य सोडून जातो. आई पुढे वाकून बसली होती. सिंहासनापाशी तो थोडा बोलला, तेही उकाड्याबद्दल. मग तो वळला. समोर लांबलचक दालन, टोकाला उंच दरवाजा, आणि राजपुत्र पाठमोरा चालत निघाला. संथ, एकेक पाऊल टाकत. कॅमेऱ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. पण त्याची मान किंचित हलत होती. मान अशी हलते ती बोलताना, हे त्या घरातल्या माणसांना शिकवावं लागत नाही.

आई उठली. ताईने हात धरायच्या आत ती पडद्यापर्यंत पोचली. राजपुत्राच्या पाठीवर तिची सावली पडली आणि लोक ओरडायला लागले. आईला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. ती कडेला गेली, पडद्याची कड उचलली आणि मागे शिरली. या कापडाला मागची बाजू आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ताई धावत मागे गेली. पडद्यामागे अंधारात, धुळीत, आई मान वर करून उभी होती. तिकडूनही दिसत होती ती धाकट्याची पाठच.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. सुट्टीच्या दिवशीही अर्धं दार उघडं ठेवणारी आई ताईला घेऊन गाडीत बसली. वाटेत ताईने हळूच विचारलं, की त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं ना.

"बोलायला कुठे चाललेय?" आई म्हणाली. "काय म्हणाला तेवढं विचारून येते."

स्टुडिओच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. राजपुत्राच्या बायका म्हणवणाऱ्या पुष्कळ येतात, आईच पहिल्यांदा आलीय, असं म्हणून त्याने आईला नीट न्याहाळलं. मग राजपुत्रासारख्याच तिच्या भुवया पाहून दार उघडलं आणि दोघींना आत नेलं.

आत भिंतींना जाड गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. कॅमेरा पेटीत कोंडला होता. फुलदाणीत मायक्रोफोन लपवलेला, आणि नवा नायक नायिकेला सोडून त्या फुलदाणीलाच प्रेमाने बिलगत होता. धाकटा एका कोपऱ्यात पाठमोरा उभा होता. त्याला या चित्रपटात प्रधानाचं छोटं काम होतं. पहारेकऱ्याने ताईच्या कानात सांगितलं, की राजपुत्राचं काही खरं नाही. ओठ छान हलतात, पण आवाज काढायचा विसरून जातो. आवाजवाल्याने कपाळाला हात लावलाय.

तेवढ्यात लाल दिवा लागला. पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. आता टाचणी पडलेली चालणार नव्हती. ताई एक पाय उचललेला तसाच ठेवून थिजली, कारण आई चालत निघाली होती, आणि आई आता बोलणार होती. आईचं कुजबुजणं तिला माहीत होतं.

आई दिव्यांच्या मागून, तारा ओलांडत गेली. धाकट्याला वळसा घातला आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

मग आईचे ओठ हलले. आवाज आला नाही. पडद्यावरच्या धाकट्याला ती ओरडून सांगे, पण खरा धाकटा समोर असताना आवाज काढायची तिला सवयच नव्हती. ताई दुरून दोघांनाही वाचत होती.

"त्या दरवाजातून जाताना काय म्हणालास?"

"कुठल्या?"

"पिक्चरमध्ये. पाठ होती तुझी."

धाकटा आठवू लागला. मग ओशाळला. "काही नाही गं. डोक्यावर तो जड मुकुट. घसरू नये म्हणून मान सावरत चाललो होतो."

आईचा चेहरा उतरला. दुकान बंद ठेवून, गाडीत धक्के खात आली होती ती यासाठी. तिने मान डोलावली आणि वळायला लागली. धाकट्याने तिचा दंड धरला.

"वळू नकोस," तो म्हणाला. "त्या सकाळी घाबरलो होतो मी. तुझा चेहरा बघितला असता तर गेलो नसतो. म्हणून पाठीला सांगितलं. चुकलं माझं, आई."

पलीकडे नायक फुलदाणीला जन्मोजन्मीच्या शपथा घालत होता. इकडे आई धाकट्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "परत म्हण."

तिला स्वच्छ दिसलं होतं. हे त्यालाही कळलं आणि लांबून ताईलाही. तो पुन्हा म्हणाला, सावकाश, उजेडाकडे तोंड करून. मग आईने अंगठ्याने त्याच्या गालावरचा रंग पुसून बघितला आणि विचारलं, हे काय फासलंय, आणि वाळलास किती. त्यानंतर दोघांना थांबवणं देवाच्याही हातात नव्हतं. सगळा स्टुडिओ श्वास रोखून गप्प उभा होता, आणि त्या एवढ्या मोठ्या जागेत फक्त ही दोघं मनसोक्त गप्पा मारत होती. वरच्या खोलीचं छत, समोरच्या शिंप्याचं दुसरं लग्न, पडद्यामागची धूळ, एकही विषय सुटला नाही. ताईचा उचललेला पाय भरून आला होता, पण तिला तो खाली ठेवायचं सुचलं नाही.

दिवा विझला. लोक खोकले, शिंकले, एकदम बोलू लागले. आता धाकट्याची पाळी होती. पहारेकरी आवाजाबद्दल काय म्हणाला ते ताईने आईला सांगितलं, यावेळी न धुता. आईने धाकट्याला जवळ बोलावलं.

"माझ्याशी बोलतोस तसं नको बोलू," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्यांना कान आहेत."

मग एक स्टूल ओढून ती त्याच्या अगदी समोर, कॅमेऱ्याच्या पेटीला खेटून बसली. दिग्दर्शक ताईजवळ आले. आपल्या आईला जरा बाजूला बसायला सांगाल का, नटाची नजर सारखी तिकडे जाते, असं त्यांनी फार अदबीने सांगितलं. आयुष्यभर इकडचं तिकडे पोचवत आलेल्या ताईने त्यांच्याकडे बघून गोड हसून मान डोलावली, आणि त्या निरोपाकडे चक्क कानाडोळा केला.